आठी जावी, ओळख राहावी

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात क्रिया वर्णिल्या आहेत. क्रोध दर्शविणारी ‘भ्रुकुटी’ त्यांत आहे, तशीच ‘सहज’ ही भुवयांची स्वाभाविक स्थितीही आहे. कपाळावरील सुरकुत्या घालविण्यासाठी इंजेक्शन घेऊ इच्छिणाऱ्यांनी हा ‘सहज’ शब्द सदैव ध्यानी ठेवावा, असे मला वाटते.

बेंगळुरूत इंदिरानगर, कोरमंगला वा जयनगर येथून जाताना त्वचा-चिकित्सालयांच्या पाट्या ठिकठिकाणी दिसतात. तरुणाईच्या या शहरात चाळिशी ओलांडलेल्या नोकरदारास आपल्या चेहऱ्याची काळजी वाटू लागली, तर त्यास हिणवण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

‘बोटॉक्स’ या व्यापारी नावाने परिचित असलेले हे औषध म्हणजे एका जिवाणूपासून मिळणारे, शुद्ध करून अत्यल्प मात्रेत वापरलेले विष होय. मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश ते रोखते. स्नायू सैलावतो आणि त्वचेवरील घडी ओसरते. अमेरिकेत 1989 साली तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीवरील उपचारासाठी त्यास मान्यता मिळाली. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स व त्यांचे पती, त्वचातज्ज्ञ ॲलस्टेअर कॅरुथर्स यांनी भुवयांमधील आठ्यांवरील उपयोगाविषयी 1992 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. या उपयोगास अमेरिकेत 2002 मध्ये मान्यता मिळाली.

मात्रा अधिक झाली, की कपाळ गुळगुळीत होते. परंतु आश्चर्य, काळजी, आपुलकी यांपैकी काहीच त्यावर उमटत नाही. प्रसंगी भुवई वा पापणी खाली उतरते. एकदा टोचलेले औषध परत काढून घेता येत नाही. त्याचा प्रभाव ओसरेपर्यंत थांबावे लागते. पूर्ण परिणाम दिसण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणूनच आरंभी थोडी मात्रा घ्यावी, दोन आठवड्यांनी आढावा घ्यावा आणि आवश्यक तेथेच भर घालावी, हा मार्ग श्रेयस्कर. सुईला हात लावण्यापूर्वी आपणास हसावयास, भुवया उंचावण्यास व आठी घालण्यास सांगून चेहरा निरखणारा डॉक्टर निवडावा. चेहरा स्थिर असतानाही दिसणाऱ्या खोल रेषा या औषधाने पूर्णतः जातीलच असे नाही, हे सांगणाराच प्रामाणिक. कर्नाटकात खासगी चिकित्सालयांची 2007 च्या कायद्यान्वये नोंदणी बंधनकारक आहे. ती अवश्य पाहावी. गर्भवती व स्तनदा मातांनी, तसेच स्नायुदौर्बल्याचा विकार असणाऱ्यांनी हा उपचार टाळावा.

आता हिशेबाची बाजू. परिणाम साधारणतः तीन-चार महिने टिकतो. म्हणजे हा एकदाचा खर्च नव्हे, वर्षातून तीन-चार वेळा येणारा आवर्ती खर्च आहे. निव्वळ सौंदर्यासाठीच्या उपचारांचा भार आरोग्य विमा सामान्यतः उचलत नाही. ज्याचे आयुष्य चार महिन्यांचे, त्यासाठी बारा महिन्यांचे हप्ते बांधून घेणे शहाणपणाचे नाही. हौस करावी, ती शिलकीतून, कर्जातून नव्हे.

बँकेच्या व्यवहारात चेहऱ्याचे मोल आम्ही रोज पाहतो. मुदतठेव मोडावयास आलेल्या वृद्ध ग्राहकास खिडकीपलीकडील कपाळावर उमटलेली काळजीची रेषा धीर देऊन जाते. तेवढी रेषा प्रत्येकाने राखून ठेवावी.