मनीच्या पानांपर्यंत

‘कोसला’वर मराठी वाचक अजून भांडतात, ही आनंदाची गोष्ट आहे. भांडण मात्र पुष्कळदा भलत्याच जागी होतं. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं काढली, तेव्हा लेखक पंचविशीत होता. आज लेखकाचं वय ऐंशीपलीकडे गेलं आहे, पुस्तकाच्या आवृत्त्या निघतच आहेत, १९९७ मध्ये सुधाकर मराठे यांनी ते इंग्रजीत नेलं, आणि तरीही वसई-विरार पट्ट्यात चार वाचणारी माणसं एकत्र बसून ‘कोसला’चा विषय निघाला की दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, यासारखं पुस्तक पुन्हा झालं नाही. दुसरा म्हणतो, विरार गाडीत तीनदा उघडलं, पन्नास पानांपुढे जाता आलं नाही. नुसता हॉस्टेलचा टवाळपणा, कथानक नाही.

या दोघांनाही आमचं म्हणणं एकच आहे: मनीचं काय?

मनी ही कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर याची धाकटी बहीण. ती देवीच्या आजारानं जाते. तोवर हा मुलगा सगळ्या जगाची टिंगल करत आला आहे: मेसची, गॅदरिंगची, प्राध्यापकांची, बापाच्या पैशाची, स्वतःच्या मोठेपणाचीही. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरत जाणारी त्याची बोलण्याची ढब कशालाच गंभीर होऊ देत नाही. आणि मग ही पोर मरते. त्यानंतर जे येतं ते मराठी कादंबरीत आधी आलं नव्हतं. इथे सांत्वनाला कोणी पुढे येत नाही, नियतीवर भाष्य होत नाही, आणि लेखक वाचकाचा हात धरून त्याला रडण्याच्या जागेवर नेऊन उभं करत नाही. आहे तो एका भावाचा बेभान हिशेब. ती गेली म्हणजे तिच्या पोटी येऊ शकणारी माणसं गेली, त्यांच्या पोटची गेली, एक अख्खी रांग पुसली गेली, असा विचार हा मुलगा टोकापर्यंत ताणत नेतो आणि आपण वाचताना श्वास घ्यायचा विसरतो.

ज्यांनी पुस्तक पन्नासाव्या पानावर मिटलं त्यांना ही पानं भेटलीच नाहीत. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, कारण कादंबरी त्यांना तिथवर ओढून नेण्याचे कष्ट घेत नाही. आमची खरी तक्रार आहे ती भक्तांशी. ‘कोसला’ पाठ असणाऱ्या पिढ्या झाल्या. तिच्यासारखं बोलणारी, तिच्यासारखं लिहिणारी, हॉस्टेलच्या खोलीत पांडुरंग सांगवीकर होऊन बसलेली मुलं गावोगाव झाली. त्यांनी पुस्तकातली ढब उचलली आणि मनीला मागे ठेवलं. महाविद्यालयांत तर ती दोन शब्दांत आटोपते. ‘अस्तित्ववाद’, ‘परात्मता’, ‘देशीयता’ यांच्या टिपणांत मनीचा मृत्यू म्हणजे नायकाच्या आयुष्याला कलाटणी देणारा प्रसंग, पाच गुणांचा. एका लेकराच्या मरणाभोवती उभ्या असलेल्या पुस्तकाचं असं व्हावं, याचा आम्हाला मनापासून राग येतो.

पुस्तक निघालं तो काळ आठवला तर वाचक का बिथरले ते कळतं. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची, म्हणजे ‘कोसला’च्या अवघं वर्षभर आधीची. ‘स्वामी’तही मरणच आहे. माधवराव पेशवे सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं थेऊरला जातात आणि रमाबाई सती जातात. त्या मरणाला वाडा आहे, इतिहास आहे, भरजरी भाषा आहे, आणि महाराष्ट्र त्यावर मनसोक्त रडला. त्यात वावगं काही नाही. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आम्हा वसईकरांना तर पेशवाईचं दुःख घरचंच वाटतं. पण लगेच पुढच्या वर्षी खानदेशातल्या एका खेड्यातली, कोणीही नसलेली एक मुलगी देवीनं मरते आणि तिच्या मरणाला कसलाच पोशाख नसतो. रडायचं कसं, हे वाचकाला कोणी सांगत नाही. ज्याला पोशाखाशिवाय दुःख ओळखता येत नाही, त्याला हे पुस्तक थंड आणि उद्धट वाटणारच.

आमच्या भागात दुःखाला वेळापत्रक आहे, आणि त्याचं मोल आम्ही जाणतो. हिंदू घरांत दहावं, तेरावं, मग वर्षश्राद्ध. ख्रिस्ती घरांत चर्चची घंटा, दफनविधी, महिन्याची मिस्सा आणि दर दोन नोव्हेंबरला मेणबत्त्या, फुलं घेऊन दफनभूमीत जाणं. निर्मळ, पापडी, सांडोर, नंदाखाल, कुठेही त्या संध्याकाळी जा, माणसं आपापल्या माणसांच्या उशाशी उभी असतात. विधी दुःखाला चौकट देतो, माणसाला उभं ठेवतो. पण ज्याला त्या चौकटीत बसता येत नाही त्याचं काय? लोक ओटीवर बसलेले असताना ज्याला भलतंच काहीतरी सुचतं, संताप येतो, हसूही येतं, आणि मग स्वतःची शरम वाटते, त्याचं काय? पांडुरंग हा तसा माणूस आहे. असा माणूस प्रत्येक घरात असतो. त्याच्याकडे ‘याला काही वाटतच नाही’ म्हणून बघितलं जातं.

थट्टा आणि शोक एका पुस्तकात नांदू शकत नाहीत, हा ‘कोसला’वरचा सगळ्यात जुना आक्षेप. तो करणारे लक्ष्मीबाई टिळकांना कसे विसरतात? त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेलं नाही असं सुशिक्षित मराठी घर विरळा, आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत तर त्या पुस्तकाला वेगळीच माया आहे. १८९५ मध्ये त्यांचे पती टिळक ख्रिस्ती झाले आणि बाईंचं जग मोडलं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. पोटची मुलंही गेली. हे सगळं सांगताना बाई हसवतात. स्वतःच्या वेडेपणावर, नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर, सोवळ्या-ओवळ्यावर हसवतात, आणि त्या हसण्याच्या आत इतकं दुःख आहे की पुन्हा वाचताना आपण हसायला कचरतो. त्यांना कोणी थंड म्हटलं नाही. त्यांनी आयुष्याच्या शेवटाकडे, सगळं सोसून झाल्यावर लिहिलं म्हणून आपण ते मानतो का? की ती आई होती म्हणून? पंचविशीच्या मुलानं तेच केलं की तो उद्धट ठरतो.

‘काही घडत नाही’ ही तक्रार नेमाड्यांपुरती नाही. गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला आणि पुष्कळ मराठी घरांत ती आली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षांची बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहते, उठायला नकार देते, आणि कादंबरी तिच्याबरोबर तशीच पडून राहते. तिथेही वाचक असेच दुभंगले. पण दुःखात खरोखर घडतं तरी काय? माणूस पडून राहतो. घरातले चहा घेऊन येतात. ज्या लेखकाला हे लिहायचं आहे त्यानं मध्येच एखादं प्रेमप्रकरण घुसवून वाचकाला जागं ठेवायचं का?

एक गोष्ट आमच्या गावची. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि कोविडवर उपचार घेत असलेले किमान तेरा जण गेले. पुढे तपास, मदतीच्या घोषणा, श्रद्धांजलीचे फलक, सगळं रीतसर झालं. पण त्या महिन्यांत, आगीत असो की आजारात, ज्यांची माणसं गेली त्यांतल्या कितीतरी जणांना शेवटचं तोंडही पाहता आलं नाही, दहाव्याला भाऊबंद जमले नाहीत, दफनाला मोजकी माणसं उभी राहिली. चौकटच हाती आली नाही. या शहरात अशी तरुण मुलं आहेत, जी तेव्हा अठरा-वीस वर्षांची होती, मोबाइलवर बातमी कळली आणि त्यानंतर काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. देवी हा रोग १९८० मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. आजच्या मुलाला त्याचे व्रण असलेला चेहरासुद्धा क्वचितच दिसला असेल. पण साथीनं अवेळी नेलेलं माणूस त्यानं पाहिलं आहे. ‘कोसला’ आता कुणी नव्यानं वाचावी तर या मुलांनी, आणि ती त्यांच्या हाती हॉस्टेलची गंमत म्हणून देऊ नये. शिक्षकांनी टिपणं बाजूला ठेवून मनीची पानं वर्गात मोठ्यानं वाचावीत. त्या दिवशी आणखी काही शिकवलं नाही तरी चालेल.

ज्यांच्या घरात आताच कोणी गेलं आहे त्यांना मात्र हे पुस्तक भेट देऊ नका. ते दिलासा देत नाही. पहिल्या महिन्यात माणसाला दिलासाच हवा असतो, आणि तो मागण्याचा त्याला पुरा हक्क आहे. सोसवत नाही म्हणून ज्यानं पुस्तक मिटलं, त्यानं ते नीट वाचलं असंच आम्ही मानतो.

आता एक आक्षेप, जो आम्हाला सगळ्यांत गंभीर वाटतो आणि जो बहुतेक वेळा बायकांकडूनच येतो. एक पोर मेली, आणि तिच्या भावाला आठवतं काय तर तिचं गर्भाशय आणि तिच्या पोटी न आलेल्या पिढ्या. ती स्वतः कोण होती? तिला काय आवडायचं, ती मोठी होऊन काय झाली असती? मुलीचं मोल तिच्या पोटावरूनच करायचं का? पुरुष समीक्षकांनी या पानांची स्तुती पुष्कळ केली. हा प्रश्न त्यांनी फारसा विचारला नाही. आमच्या मते पांडुरंग इथे आपल्या घराची, आपल्या गावाची भाषा बोलतो. ज्या घरात वंशाचा हिशेब मुलाच्या नावानं होतो, तिथे तो हट्टानं मुलीच्या नावानं हिशेब मांडतो. बापाच्याच वहीत बापाला न सुचलेली नोंद करतो. हे बळ त्या पानांत आहे. पण आक्षेप त्यानं पुरता मिटत नाही. मनी आपल्याला भावाच्या डोळ्यांतूनच दिसते, स्वतःहून तिला फार थोडं बोलायला मिळतं, आणि साठ वर्षांनी वाचणाऱ्या बाईला ते खुपतं, खुपायलाच हवं. ‘कोसला’वर भांडायचं तर या जागी भांडावं. त्यासाठी भक्तांना आणि नाराजांना, दोघांनाही ती पानं पुन्हा काढून वाचावी लागतील.