चाळीस लेक्चरं आणि एक कोरी वही

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. हापिसात काम होतं वगैरे थाप मारता येईल, पण खरं कारण शरम. झालं असं...

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायचा प्रस्ताव आला. भाडं बरं मिळणार, लिफ्टचं काम पैशांवाचून अडलेलं, त्यामुळे कमिटी खूश. मीटिंगला नेहमीप्रमाणे दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे रेडिएशनने सगळ्यांना कॅन्सर होणार, दुसरी म्हणे काहीही होत नाही, सगळ्या अफवा. आवाज चढले. शेवटी सेक्रेटरींनी मला उभं केलं. "याने अँटेनाचा ऑनलाइन कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे याच्याकडे." (चूक माझीच. लिफ्टची वाट बघताना मीच मिरवलं होतं.)

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अगदी साधा प्रश्न विचारला. "अरे, टॉवर आपल्या डोक्यावर बसणार ना? मग जास्त रेडिएशन आपल्याला, की समोरच्या बिल्डिंगला?"

मी म्हणालो, "ते डिपेंड करतं, काकू."

"कशावर?"

"रेडिएशन पॅटर्नवर."

"बरं. मग तो कसा असतो?"

डोळ्यांपुढे ते थ्री-डी चित्र आलं. मधे लाल, कडेला हिरवं-निळं, फुग्यासारखं. पण कुठल्या दिशेला किती, आणि का, हे काही सांगता येईना. काकू खाली बसल्या. मीही बसलो. चाळीस लेक्चरं पाहिलेला माणूस!

तेव्हा आजचं भांडण माझ्याशी आणि माझ्यासारख्या तमाम मंडळींशी आहे. आपण लेक्चरं बघतो आणि त्याला शिकणं म्हणतो. तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय, शाळेतले मास्तर हेच सांगायचे. पण मला सगळ्या विषयांबद्दल बोलायचं नाहीये. प्रोग्रॅमिंगचा व्हिडिओ बघताना शेजारी कंपायलर उघडा असतो. चुकलात की तो तिथल्या तिथे कान पिळतो. अँटेनाच्या पॅटर्नला असला कंपायलर नाही. चित्र इतकं सुबक असतं की बघताक्षणी 'कळलं' असं वाटतं, आणि ते 'कळलं' खोटं पाडायला कोणी येत नाही. थेट सोसायटीच्या मीटिंगपर्यंत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दोष लेक्चरांचा नाही. 'एनपीटीईएल'चे व्हिडिओ बोअर आहेत, सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, अॅनिमेशन नाही... ही रड मला आता ऐकवत नाही. आयआयटी आणि आयआयएससीने मिळून २००३ साली हा उद्योग सुरू केला, आणि आज आयआयटी मुंबईच्या गिरीश कुमार सरांचा अँटेनावरचा अख्खा कोर्स कुणालाही घरबसल्या फुकट बघता येतो. आमच्या कॉलेजात (नाव नको) हाच विषय पिवळ्या पडलेल्या नोट्समधून डिक्टेट व्हायचा. अँटेना हातात धरायला मिळणं सोडाच, नीट आकृतीसुद्धा फळ्यावर यायची नाही. सरांना थांबवून 'परत सांगा' म्हणायची सोय नव्हती. आता पॉझ आहे, रिवाइंड आहे. आणि आपण काय करतो? दीडपट स्पीड लावतो! शिवाय चहा, शिवाय दुसऱ्या टॅबमध्ये मेल. मग क्विझ येते. हाफ-वेव्ह डायपोलचा गेन किती? २.१५ डीबीआय. टिक. पुढे चला.

ते २.१५ मला पाठ होतं. म्हणजे काय, ते माहीत नव्हतं. सगळ्या दिशांना सारखीच ऊर्जा फेकणारा एक काल्पनिक अँटेना धरायचा (तो फक्त कागदावर असतो), आणि त्याच्या तुलनेत आपला डायपोल त्याच्या सगळ्यात जोराच्या दिशेला १.६४ पट देतो, एवढाच त्याचा अर्थ. ऊर्जा नवीन तयार होत नाही. इकडची काढून तिकडे दाबलेली असते. राउटरच्या खोक्यावर 'हाय गेन' छापलेलं असतं ना, तेही हेच. काडीसारख्या उभ्या अँटेनाचा गेन वाढवला की आडव्या दिशेला जास्त पोचतं आणि वरच्या-खालच्या मजल्याचं कमी होतं. माझ्या एका मित्राने रो-हाउसमध्ये वरच्या मजल्यावर रेंज यावी म्हणून नेमक्या असल्याच काड्या आणून लावल्या. तोही इंजिनीयर. त्यानेही लेक्चरं बघितली होती.

तर मीटिंगनंतरच्या शनिवारी मी एक वही, आलेखाचा कागद आणि कंपासपेटी घेऊन बसलो. पहिलं लेक्चर पुन्हा लावलं आणि डायपोलची आकृती यायच्या आधी पॉझ केलं. ठरवलं की आधी मी काढणार, मग सरांची बघणार.

सगळ्यात सोपा, छोटा डायपोल घेतला. तारेच्या दिशेशी कोन थीटा, आणि फील्ड साइन थीटाच्या प्रमाणात. पॉवर म्हणजे त्याचा वर्ग. ९० अंशाला १. ६० ला ०.७५. ४५ ला बरोब्बर अर्धी. ३० ला पाव. शून्याला शून्य, म्हणजे तारेच्या टोकाकडून बघणाऱ्याला काहीच नाही. पाच बिंदू मांडले, जोडले, तारेभोवती गोल फिरवले की झाला मेदूवडा, फक्त मधलं भोक पार मिटलेलं. अर्धी पॉवर ४५ ला आणि पलीकडे १३५ ला, म्हणजे बीमची रुंदी ९० अंश. पंधरा मिनिटांचं काम. हे चित्र मी त्याआधी किमान वीसदा पाहिलं असेल, पण एक गोष्ट कधी दिसली नव्हती. ऐन जोराच्या दिशेपासून १० अंश सरकलात तर जेमतेम ३ टक्के कमी होतात. शिखर पसरट असतं, खड्डा मात्र टोकदार.

आणि ते कळल्यावर मला एकदम बाबा आठवले. गच्चीवर एका हाताने पाइप धरून अँटेना फिरवणारे, आणि खालून आम्ही ओरडणारे, "आलं... आलं... गेलं! मुंग्या!" पुण्यात तेव्हा गच्चीगच्चीवरचे अँटेना सिंहगडाच्या मनोऱ्याकडे तोंड करून असायचे. उदा आणि यागी या जपानी मंडळींनी १९२६ च्या सुमारास जगापुढे आणलेला तो अँटेना. चित्रामागे सावली दिसायला लागली की बाबा तो मुद्दाम जरा तिरका करायचे. मुख्य चित्र फारसं बिघडायचं नाही, सावली मात्र जायची. म्हणजे पसरट शिखराचा थोडासा तोटा सोसून, कुठल्या तरी इमारतीवरून परतून येणारी लाट ते टोकदार खड्ड्यात टाकत होते! बाबांना लोब, नल हे शब्द माहीत नव्हते. मला शब्द माहीत होते, बाकी काही नाही.

दुसरी फसवणूक डीबीची. एकसारख्या ताकदीच्या, एका फेजमधल्या बऱ्याच अँटेनांची रांग लावली की मुख्य लोबशेजारचा पहिला साइड लोब साधारण १३ डीबी खाली असतो. १३ डीबी खाली म्हणजे विसावा हिस्सा. साध्या स्केलवर काढलात तर तो तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. तोच आलेख डीबीत काढा, केंद्र उणे ४० वर धरा, तर तो दोन-तृतीयांश त्रिज्येपर्यंत फुगतो. एकच अँटेना, एकच आकडा, दोन चित्रं. टॉवर-विरोधकांच्या पोस्टरवर एक चित्र, कंपनीच्या पत्रकात दुसरं. स्वतःच्या हाताने दोन्ही एकदा काढलेला माणूस फसत नाही. दीडपट स्पीडवाला हमखास फसतो.

आणि पॅटर्न येतो कुठून, हे कळायला दोन अँटेना पुरतात. अर्ध्या तरंगलांबीवर ठेवा, एकाच फेजमध्ये चालवा. दोघांच्या समोर उभं राहिलं की दोन्ही लाटा बरोबर पोचतात, फील्ड दुप्पट, पॉवर चौपट. त्यांच्या ओळीत उभं राहिलं की एक लाट अर्धी तरंगलांबी मागे, म्हणजे शून्य. ओळीशी ६० अंशांवर पाव तरंगलांबीचा फरक, पॉवर दुप्पट. बस. दोनाऐवजी आठ-दहा एकावर एक रचले की समोरचा लोब चपटा होत जातो. गच्चीवर दिसणारं ते उभं पांढरं पॅनेल म्हणजे हीच रचना. ते आडव्या दिशेला साधारण ६५ अंश पसरतं, पण उभ्या दिशेला जेमतेम सात-आठ अंश.

आता काकूंचा प्रश्न. समजा पॅनेल जमिनीपासून ३० मीटरवर, ६ अंश खाली झुकवलेलं. मुख्य लोबचा मध्य जमिनीला टेकणार साधारण २८५ मीटरवर. थेट खाली, म्हणजे आमच्याकडे, फक्त साइड लोबची किडूकमिडूक. समोर ४० मीटरवर तेवढ्याच उंचीची बिल्डिंग असेल, तर तिचे वरचे मजले ऐन लोबात. म्हणजे भाडं आम्हाला आणि झोत त्यांना!

पण थांबा, इथेच वही बंद केली असती तर मी पुन्हा अर्धवटच राहिलो असतो. अंतर धरायला हवं. आमचा वरचा मजला ५ मीटरवर, समोरचा ४० वर. अंतराच्या वर्गाने आमच्याकडे ६४ पट जास्त. साइड लोब ३० डीबी खाली धरला, म्हणजे हजारावा हिस्सा, तर हिशोब समोरच्याच्या सोळाव्या हिश्श्यावर येतो. वर आमचा स्लॅब आडवा, त्यात आणखी घट. आणि शेवटची मेख: हा पॅटर्न खरा ठरतो तो दूरच्या क्षेत्रात, म्हणजे लांबीच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी एवढ्या अंतरापलीकडे. २ मीटरचं पॅनेल, १८०० मेगाहर्ट्झ, तरंगलांबी साधारण १७ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ४८ मीटर. समोरची बिल्डिंगसुद्धा जेमतेम सीमेच्या अलीकडे, आणि आम्ही तर फारच आत! म्हणजे माझा आकडा हा अंदाज, निकाल नव्हे. निकाल मोजणीचा. हे सूत्र दुसऱ्याच लेक्चरमध्ये होतं. मी तेव्हा बहुतेक मेल वाचत असेन.

आता नेहमीचे आक्षेप. "सिम्युलेटर आहे की, एका सेकंदात पॅटर्न काढून देतो." देतो ना. पण तुम्ही इनपुट चुकीचं दिलंत तरी तो तितकंच देखणं चित्र देणार. ते चुकलंय हे ओळखायला आधी हाताने काढलेले दोन-चार पॅटर्न लागतात. दुसरा आक्षेप, "आपण सॉफ्टवेअरवाले, आपल्याला काय करायचंय?" काही करायचं नसेल तर बघू नका, कोणाची सक्ती नाही. रविवारी क्रिकेट बघा. पण बघून वर सर्टिफिकेट मिरवणार असाल, तर कधीतरी कोणी काकू उठून प्रश्न विचारणार, आणि तुमच्या उत्तरावर शंभर माणसांच्या डोक्यावरचा निर्णय ठरणार, हे ध्यानात असू द्या. तिथे 'डिपेंड करतं' चालत नाही.

पुढच्या मीटिंगला मी आलेखाचे कागद घेऊन गेलो. दोन्ही पार्ट्या सारख्याच नाराज झाल्या. २०१२ मध्ये सरकारने टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली, आणि २०१७ मध्ये 'तरंग संचार' पोर्टल काढून मोजणी मागवायची सोय केली, हेही सांगितलं. ठराव एवढाच झाला की पॅनेलची दिशा, उंची आणि झुकाव कंपनीकडून लेखी मागायचा, आणि समोरच्या बिल्डिंगच्या लोकांनाही पुढच्या मीटिंगला बोलवायचं. काकूंनी कागद हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाल्या, "हे मागच्या वेळीच का नाही सांगितलंस?"

असो. एकेचाळिसावं लेक्चर अजून बघितलेलं नाही. पाचव्यावर आहे, साध्या स्पीडने. वहीची बावीस पानं भरलीत.