गुणांबरोबर शाळाही मोजा

बारावी झालेल्या मुलाला आज सगळे एकच विचारतात: पर्सेंटाईल किती? वैद्यकीयला नीट, अभियांत्रिकीला एमएचटी-सीईटी, केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवीला २०२२ पासून सीयूईटी. कॉलेजात दोन वर्षे जे शिकले त्याला उंबरठा ओलांडण्यापुरती किंमत. अभियांत्रिकीला बारावीत ४५ टक्के, आरक्षित वर्गांना ४०. एमबीबीएसला ५० आणि ४०. एवढे जमले की बारावीची गुणपत्रिका बाजूला पडते आणि तीन तासांतून निघालेला आकडा पुढचे आयुष्य ठरवतो. या आकड्याला प्रवेशात किती वजन द्यायचे, याची चर्चा होते ती पुण्या-मुंबईच्या पालकांच्या अंगाने. त्याची सर्वांत मोठी किंमत मात्र आपला नंदुरबार जिल्हा मोजतो. म्हणून हे मुद्दे जिल्ह्यातल्या प्रत्येक नागरिकापुढे ठेवत आहे.

१. पेपर सगळ्यांना सारखा असतो, पेपरापर्यंतची वाट सारखी नसते. धडगाव-मोलगीकडच्या मुलाची घरची भाषा भिली किंवा पावरी, नवापूरकडे मावची. शाळेत मराठी. अकरावी विज्ञानाला गेला की एकदम इंग्रजी. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीतून देता येते, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. नीट आणि सीयूईटी एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमावर बेतलेल्या. आश्रमशाळेतला मुलगा राज्य मंडळाची पुस्तके वाचून आलेला. दिवाळीनंतर सातपुड्यातली कितीतरी कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात, मागे राहिलेल्या मुलाच्या अभ्यासाकडे बघायला घरात मोठे माणूस नसते. त्याच वेळी लातूरला किंवा कोट्याला त्याच्याच वयाचा मुलगा दर आठवड्याला सराव परीक्षा देत असतो. नीटला किती वेळा बसावे यावर मर्यादा नाही, म्हणून पहिल्या वर्षी गुण कमी पडले तर त्याचे पालक आणखी एक वर्ष विकत घेऊ शकतात. आश्रमशाळेतल्या मुलाला कोण वर्ष विकत घेऊन देणार? त्या तीन तासांत बुद्धीबरोबर आईबापांची ऐपतही मोजली जाते, आणि निकालात दोन्हींची बेरीज एकाच आकड्यात छापून येते.

२. यावर ठरलेले उत्तर येते: आरक्षण आहे ना! आहे, आणि ते हवेच. पण हिशेब करून पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. २०२० साली नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांनी सुरू झाले. त्यातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या ८५ मध्ये अनुसूचित जमातींना ७ टक्के, म्हणजे सहाच्या आसपास जागा. या सहा जागाही राज्यभरच्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी खुल्या, आणि त्यांचा क्रम पुन्हा नीटच्याच गुणांनी लागतो. नाशिक-पुण्यात चांगल्या कॉलेजात शिकलेल्या आदिवासी मुलाचा हक्क कमी लेखण्याचे कारण नाही. त्याच्या आजोबांनीही हेच मागासलेपण भोगले आहे. पण अक्राणीच्या आश्रमशाळेतून आलेल्या मुलीला त्याच्याशी एकाच रांगेत उभे करून आपण न्याय केला असे म्हणायचे का? आरक्षण समाजाचे मागासलेपण ओळखते. शाळेचे मागासलेपण ते ओळखत नाही.

३. प्रदेशाचा विचार राज्याने कधी केलाच नाही असे नाही. वैद्यकीय प्रवेशात सत्तर-तीसचे सूत्र होते: ७० टक्के जागा त्या त्या प्रदेशातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातल्यांना. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. पण ते होते तेव्हा तरी आपल्याला काय मिळाले? प्रदेश तीनच: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. नंदुरबार ‘उर्वरित’मध्ये, म्हणजे पुण्या-मुंबईच्याच गटात! त्या सूत्राच्या नकाशावर हा जिल्हा वेगळा असा नव्हताच.

४. मग प्रवेशपरीक्षाच रद्द करा, असे कोणी म्हणेल. ते मला मान्य नाही. बारावीच्या परीक्षेतली कॉपी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, आणि वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका मापाने मोजता येत नाहीत हेही खरे. जेईई मेनमध्ये २०१३ ते २०१६ या काळात बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते, ते पुढे काढून टाकावे लागले. पण सगळा भार एका पेपरवर टाकल्याने काय होते, हे २०२४ च्या नीटने देशाला दाखवले. हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. ज्या आकड्यावर सर्वस्व टांगलेले असते, तो विकत घेणारे आणि विकणारे निघणारच. परीक्षा राहू द्या, तिची मक्तेदारी मोडा.

५. ती कशी मोडायची, याची उदाहरणे जगात आहेत आणि देशातही. अमेरिकेत शाळकरी मुले ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाच्या विषयवार परीक्षा देतात. गुण १ ते ५. मोठ्या शाळांत असे कितीतरी विषय शिकवतात, आडगावच्या शाळांत एकदोन किंवा एकही नाही. म्हणून निवडक प्रवेश देणारी विद्यापीठे मुलाच्या गुणांसोबत त्याच्या शाळेची माहितीही मागवतात. शाळेत जे उपलब्ध होते त्याचे या मुलाने काय केले, हे ती पाहतात. जे शिकवलेच गेले नाही त्याचा दोष मुलावर येऊ नये, एवढी साधी ही समजूत आहे. टेक्सासने १९९७ साली कायदाच केला: राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश, मग ती शाळा ह्यूस्टनची असो की एखाद्या खेड्यातली.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९४ पासून अनेक वर्षे मागास जिल्ह्यांतून आलेल्यांना प्रवेशपरीक्षेत काही जादा गुण मिळत. तमिळनाडूने २०२० मध्ये सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून नीट उत्तीर्ण झालेल्यांसाठी राज्याच्या वैद्यकीय जागांत साडेसात टक्के आरक्षण ठेवले. परीक्षा तीच, पात्रता तीच. तरी त्या शाळांतून वैद्यकीयला जाणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवरून पहिल्याच वर्षी शेकड्यांत गेली. मुले तीच होती, दार नव्हते.

६. हा केवळ काही हुशार मुलांच्या करिअरचा विषय आहे का? या जिल्ह्यात कुपोषण आहे, सिकलसेल आहे, आणि डोंगरातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाही ही जुनी तक्रार आहे. दुखणे पावरीत सांगणाऱ्या बाईला दुभाष्याविना समजून घेणारा डॉक्टर कुठून येणार? तो इथल्याच आश्रमशाळेतून यायला हवा. त्याला प्रवेशाच्या दारातच अडवले, तर बाळंतपणासाठी बाईला झोळीतून डोंगराखाली आणण्याची वेळ उद्याही येईल.

७. आता जबाबदारीचे. राज्याच्या कोट्यातल्या जागांबाबत तमिळनाडूसारखा कायदा महाराष्ट्राचे विधिमंडळ करू शकते. आश्रमशाळा, जिल्हा परिषद आणि इतर शासकीय शाळांत शिकून नीट-सीईटी पार करणाऱ्यांसाठी वेगळ्या जागा, सीईटीचे गणित मराठीतून, आणि शासकीय आश्रमशाळांच्या अकरावी-बारावीला विज्ञान शिकवणारे कायमस्वरूपी शिक्षक: या तीन गोष्टी मागण्यासारख्या आहेत आणि शक्य आहेत. नंदुरबारचे चारही विधानसभा मतदारसंघ आणि लोकसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. या प्रतिनिधींना आपण रस्ता, पाणी, धान्य यांबद्दल विचारतो. प्रवेशाबद्दल कधी विचारले? पुढच्या अधिवेशनाआधी त्यांच्याकडे एवढे तरी मागा: तळोदा आणि नंदुरबार या आदिवासी विकास प्रकल्पांच्या आश्रमशाळांतून गेल्या पाच वर्षांत किती मुले नीटला बसली, किती पात्र ठरली आणि किती एमबीबीएसला पोचली, हे आकडे शाळानिहाय सभागृहाच्या पटलावर यावेत.