साधन बदललं म्हणजे पाठ बदलतो का? वाळूजच्या सहावीतून काही निरीक्षणं



गणिताचा तास रंजक करा, हे बी.एड.ला प्रवेश घेतल्यापासून आम्ही छात्राध्यापक सतत ऐकतो. कसा करायचा, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : साधन बदला. आज तक्ता, उद्या फ्लॅश कार्ड, परवा पीपीटी, आणि पाठाचं निरीक्षण असेल त्या दिवशी थर्माकोलची प्रतिकृती. मला हे पटत नाही. पाठात विविधता हवीच, पण ती शिक्षक पिशवीतून काय काढतो यात असून फारसा उपयोग नाही. मुलाला त्या तासात काय ठरवावं लागलं, यात ती हवी.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. २०१४ च्या एनसीटीई नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात २० आठवड्यांचा शालेय अनुभव आला, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. माझे ते १६ आठवडे वाळूजमधल्या एका शाळेत गेले, सहावीच्या वर्गावर. इथली वस्ती तुम्हाला माहीत असेल. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने उभे राहिले, आणि बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, जोगेश्वरी या भागात खोल्या भरत गेल्या. वर्गात जालना, बीड, बुलढाण्याकडची मुलं, शिवाय बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली काही. वडील फर्स्ट शिफ्टला किंवा नाइटला, आई पॅकिंगला. गृहपाठाकडे बघायला घरी कोणी जागं असेलच असं नाही.

आता मुद्द्यावर येते. घटक होता दशांश अपूर्णांक. पहिल्याच तासाला फळ्यावर दोन संख्या लिहिल्या, १२.५ आणि १२.४८, आणि मोठी कोणती ते विचारलं. निम्म्याहून जास्त वर्गानं १२.४८ ला हात वर केले. कारणही ठाम : अठ्ठेचाळीस पाचापेक्षा मोठे! हे उत्तर तुमच्याही वर्गात येत असणार, सातवी-आठवीतसुद्धा येतं. मुलं मठ्ठ आहेत म्हणून नाही येत. आपण जसं शिकवतो त्यातूनच ते येतं, असं मला वाटतं.

एक तर आपण वाचतोच चुकीचं. "बारा पॉइंट अठ्ठेचाळीस" म्हटलं की मुलाच्या कानात अठ्ठेचाळीस ही पूर्ण संख्या शिरते, मग ती पाचापेक्षा मोठी वाटणारच. "बारा पूर्णांक चार आठ" असं वाचलं तर चारचा दशांश आणि आठचा शतांश निदान वेगळे ऐकू येतात. (संख्यावाचनाचा विषय निघालाच आहे तर, २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगलाताई नारळीकरांनी त्यामागची भूमिका शांतपणे मांडली होती. तो बदल पटो न पटो, संख्येचं नाव मुलाला मदत करतं की आडवं येतं हा त्यांचा प्रश्न रास्त होता. माझ्या वर्गातल्या हिंदी भाषक मुलांना एकोणनव्वद आणि 'नवासी' हे एकच, हे पक्कं व्हायला बरेच दिवस लागले.)

दुसरं कारण म्हणजे आपलं लाडकं उदाहरण, रुपये-पैसे. प्रत्येक पाठ टाचणात ते असतं. पण पैसे नेहमी दोन घरांत लिहितात. मुलानं १२.५ चा अर्थ 'बारा रुपये पाच पैसे' असा लावला तर त्याला दोष कसा देणार? आणि पैसे आहेत कुठे? २५ पैशाचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. आज सहावीत बसलेली मुलं त्यानंतर जन्मलेली आहेत. जे नाणं त्यांनी हातात घेतलं नाही, ते 'मूर्त उदाहरण' म्हणून आपण वर्षानुवर्षं देतोय.

मग वाळूजच्या मुलांच्या जवळचा दशांश कोणता? मिलिमीटरचा. ज्यांचे वडील मशीनवर किंवा क्वालिटीला आहेत त्यांच्या घरात 'जॉब', 'ड्रॉइंग', 'रिजेक्शन' हे शब्द रोजचे. साधा व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. म्हणून मी फळ्यावर एक गोल दांडा काढला आणि लिहिलं : व्यास १२.५० मिमी, ०.०५ इकडे-तिकडे चालेल. बाकी काही समजावलं नाही. गटागटाला चिठ्ठ्या दिल्या : १२.४, १२.४५, १२.४८, १२.५, १२.५०५, १२.५५, १२.६. तुम्ही इन्स्पेक्टर, प्रत्येक जॉब ओके की रिजेक्ट ते ठरवा आणि कारण सांगा.

त्या तासाला साधन म्हणाल तर वहीच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या. पण भांडणं अशी झाली की शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले. १२.५०५ ला दोन गटांनी रिजेक्ट केलं, कारण 'पाचशे पाच फार मोठे'. १२.५५ वर वाद : सीमेवरचा घ्यायचा की नाही? मग व्हरांड्यात खडूनं १२.४ ते १२.६ अशी रेषा आखली, तिचे २० भाग केले, आणि प्रत्येक चिठ्ठीवाल्याला आपल्या जागी उभं केलं. १२.५०५ वाली मुलगी १२.५० आणि १२.५१ च्या खुणांच्या मध्ये एक पाय टेकवून उभी राहिली. "मॅडम, मी तर आतच आहे की!" दशांश चिन्हानंतर अंक जास्त म्हणजे संख्या मोठी, हा समज मी फळ्यावर दहा वेळा खोडला असता तरी इतका हलला नसता.

एका मुलाचे वडील त्याच आठवड्यात शिफ्ट सुटल्यावर त्याला न्यायला आले. मी त्यांना वर्गातलं सांगायला लागले तर म्हणाले, "ताई, आम्हा दहावी नापासांना काय गणित कळतंय." मी १२.४८ चं विचारलं. क्षणात उत्तर आलं, "साडेबाराला शून्य दोन कमी. चालेल." हा माणूस रोज आठ तास दशांशांची तुलना करतो, आणि आपल्याला गणित येत नाही असं आपल्याच मुलासमोर सांगतो. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही आहे. मूल ते ऐकतं आणि गणित हे आपल्या घरचं नाही, असं धरून चालतं.

आणि त्यांच्या तोंडचा 'साडेबारा' बघा. सव्वा, साडे, पावणे हे शब्द मराठीत आयते आहेत. साडेबारा म्हणजे १२.५, सव्वाबारा म्हणजे १२.२५, पावणेतेरा म्हणजे १२.७५. घड्याळामुळे लहान मुलालाही त्यांचा क्रम माहीत असतो. तरी आपण दशांश शिकवताना त्यांना वर्गाबाहेर ठेवतो.

"असे खेळ खेळवून पोर्शन होतो का?" हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये विचारला गेला. प्रश्न खरा आहे, चिडण्यासारखा नाही. सरावाला पर्याय नाही आणि पाढे पाठ हवेतच. पण सरावसुद्धा वेगळा होऊ शकतो. वजाबाकीच्या उजळणीला मी द. रा. कापरेकरांना बोलावलं. कापरेकर म्हणजे १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवणारे आपल्यातलेच एक मास्तर. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनी त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला ते कळले. त्यांचा ६१७४ वर्गात करून बघा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७. पुढे ८७३० − ०३७८ = ८३५२. पुढे ८५३२ − २३५८ = ६१७४. इथून पुढे ६१७४ च येत राहतो, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येकजण तिथे पोचतो.

शिक्षकांसाठी दोन व्यवहारी गोष्टी. उत्तर ९९९ आलं तर पुढे ०९९९ लिहायला लावा, मुलं तिथेच अडकतात. आणि प्रत्येक वजाबाकीचं उत्तर ९ ने भागलं जातंच, म्हणून अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ यायला हवी. नाही आली तर चूक त्याच ओळीत आहे. हातच्याची नेहमीची चूक या तपासणीत लगेच पकडली जाते, आणि पकडतं मूल, आपण नाही. एका तासात बहुतेकांनी हातच्याच्या दहा-पंधरा वजाबाक्या केल्या. पुस्तकातली तेवढी उदाहरणं घातली असती तर निम्मा वर्ग पाण्याची बाटली शोधत राहिला असता. लहान वर्गाला तीन अंकी संख्या द्या, तिथे ४९५ येतो.

काही तास मात्र मी मुद्दाम गप्प ठेवले. फळ्यावर एक उदाहरण, वर्गात शांतता, ज्याला हवं त्यानं एकट्यानं विचार करावा. रोज गट, रोज आरडाओरडा हीसुद्धा एक ठरीव पद्धतच होऊन बसते, आणि लाजरी मुलं त्यात मागे पडतात.

मार्गदर्शक प्राध्यापकांना एक विनंती. निरीक्षणाच्या तक्त्यात 'शैक्षणिक साधनाचा वापर' असा रकाना असतो, त्याला गुण असतात. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना काढा : या तासात मुलांनी स्वतः काय ठरवलं? थर्माकोलवर होणारा छात्राध्यापकांचा खर्चही वाचेल.

आणि पालकहो, तुमच्या कामाचं माप मुलाला सांगा. शिवणाच्या कापडाचं असो, दुधाचं असो, नाहीतर मशीनवरच्या जॉबचं. पावणेतेरा दशांशात कसं लिहायचं ते त्याला विचारा. त्यानं १२.७५ ऐवजी काही वेगळं लिहिलं तर लगेच दुरुस्त करू नका, तसं का लिहिलं ते आधी ऐका.