सहा रेघांचे निरक्षर

"आकडे वाचता येतात म्हणजे संगीत वाचता येते असे नव्हे." गिटार शिकू लागलेल्या माणसाला हे वाक्य पहिल्या महिन्यात एकदा तरी ऐकावे लागते. ऐकवणारा बहुधा पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून परीक्षांच्या पायऱ्या चढलेला असतो आणि ऐकणाऱ्याच्या हातात सहा रेघांचे टॅब्लेचर, म्हणजे बोलीतला 'टॅब', असतो. पहिला साक्षर, दुसरा निरक्षर. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. वाचन कशाला म्हणावे हा प्रश्न गिटारच्या वर्गापुरता नाही, तो साहित्याच्या वर्गाचाही आहे. म्हणून त्याचा समाचार येथे घेत आहोत.

मुळात टॅब म्हणजे काय? सहा आडव्या रेघा म्हणजे गिटारच्या सहा तारा. रेघेवरचा आकडा म्हणजे त्या तारेवर कितव्या फ्रेटपाशी बोट दाबायचे ते. शून्य म्हणजे तार मोकळी सोडायची. आकडे एकाखाली एक आले तर त्या तारा एकदम छेडायच्या, एकापुढे एक आले तर क्रमाने. एकाच तारेवर ०, २, ४, ५ वाजवले की मोकळी तार षड्ज मानून सा रे ग म मिळतात. एवढे कळायला दहा मिनिटे पुरतात आणि आमचा संशय असा की टीकाकारांना नेमके हेच खुपते. जी दहा मिनिटांत येते ती विद्या कसली!

पण त्या दहा मिनिटांनंतर जो घोटाळा होतो त्याकडे कोणी नीट पाहत नाही. गिटार मांडीवर घेऊन खाली पाहिले की सर्वांत जाड तार आपल्याला सर्वांत जवळ, म्हणजे वर दिसते. कागदावर मात्र ती सर्वांत खालच्या रेघेवर असते. शिकाऊ माणूस हमखास उलटे वाजवतो आणि स्वतःला मठ्ठ समजतो. त्याला कोणीतरी सांगायला हवे की हा गोंधळ त्याचा एकट्याचा नव्हे, चांगला पाचशे वर्षांचा आहे. १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या मुद्रकाने फ्रान्चेस्को स्पिनाचिनोच्या ल्यूटवादनाचे टॅब छापले. त्या इटालियन पद्धतीत वरची रेघ म्हणजे खर्जाची तार. हातातले वाद्य जसे दिसते तसेच कागदावर. १५३६ मध्ये वालेन्सियात लुईस दे मिलानने विहुएला या वाद्यासाठी 'एल माएस्त्रो' काढले. नावाप्रमाणेच ते नवख्याला गुरूच्या क्रमाने शिकवू पाहणारे पुस्तक. त्यात त्याने रेघा फिरवल्या आणि उंच स्वराची तार वर नेली. आजचा टॅब मिलानच्या बाजूचा आहे. म्हणजे 'ही लिपी केवळ बोटांची, हिला नादाशी देणेघेणे नाही' या आरोपाचा निम्मा निकाल तेथेच लागतो. तिने डोळ्यांची सोय सोडून कानाचा क्रम स्वीकारला आहे.

उरलेला निम्मा आरोप आम्ही आनंदाने मान्य करतो. होय, ही हाताची लिपी आहे. मग? गिटारच्या मोकळ्या पहिल्या तारेवर जो स्वर येतो तोच दुसऱ्या तारेवर पाचव्या, तिसरीवर नवव्या आणि चौथीवर चौदाव्या फ्रेटला मिळतो. उंची तीच, पण नादाचा रंग प्रत्येक ठिकाणी वेगळा. पाच रेघांवर या चारही जागांसाठी टिंब एकच! ती जागा सांगण्यासाठी अभिजात गिटारच्या पुस्तकांतून स्वराशेजारी वर्तुळात तारेचा क्रमांक छापावा लागतो. ज्याला आपण निरक्षर म्हणतो त्याच्याच दारी जाऊन केलेली ही उसनवारी नव्हे काय?

आपल्याकडे तर हा वाद निघायलाच नको होता. तबल्याचा 'धा' घ्या. तो नाद आहे तशी आज्ञाही आहे: दोन्ही हात एकदम, उजव्याने हे, डाव्याने ते. तबल्याची सारी बोलभाषा हातांच्या हालचालींतून घडलेली आहे. ती पाठ असणाऱ्याला कोणी अडाणी म्हणत नाही. उलट त्याची पढंत ऐकायला आपण कान टवकारतो. गिटारला मात्र वेगळा न्याय, कारण तेथे मोजपट्टी आपली नाही, आणली गेलेली आहे.

पाच रेघांच्या लिपीची थोरवी आम्ही नाकारत नाही. गोव्यातल्या पॅरिश शाळांतून ती मुलांना लहानपणीच शिकवली जाई आणि त्या शिदोरीवर कित्येक गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात आपली भाकरी कमावली. संगीतकाराने गाऊन दाखवलेली चाल अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी कागदावर उतरवावी आणि पन्नास वादकांनी ती समोर ठेवून वाजवावी, हे टॅबच्या आवाक्यातले काम नव्हे. तेथे प्रत्येक स्वराचा काळ लिहिलेलाच असावा लागतो.

आणि काळ हेच आजच्या टॅबचे खरे दुखणे आहे. जुन्या ल्यूटच्या टॅबमध्ये रेघांवर तालाच्या खुणा असत. संगणकाच्या कळफलकावर आडव्या रेघा आणि आकडे टंकून जो टॅब घरोघरी पोचला, त्यात त्या बहुधा गळाल्या. कोणता स्वर किती वेळ धरायचा याबाबत तो मुका आहे. गाणे आधी ऐकलेले नसेल तर असा टॅब वाचताच येत नाही. मोडी वाचलेल्यांना हा अनुभव नवा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नाही, शब्दाशब्दांत मोकळी जागा नाही. जो भाषा जाणतो त्यालाच कागद बोलतो. मोडी वाचणाऱ्या कारकुनाला आपण निरक्षर ठरवले नाही.

येथे दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. 'आकडे पाहा, बोटे ठेवा, झाले' असे शिकवणारे वर्ग टॅबचा जेवढा अपमान करतात तेवढा त्याचे शत्रूही करत नाहीत. असले टॅब बहुतेक वेळा कोणा अनाम श्रोत्याने कानाने टिपलेले असतात. एकाच गाण्याचे पाच टॅब घ्या, पाच पाठ मिळतील. कोठे तार चुकलेली, कोठे सोयीसाठी जागा बदललेली, कोठे आधीच्या नकलेतली चूक इमानाने उतरवलेली. पाठांतरांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, हे आपण एम. ए.च्या वर्गात भक्तिभावाने शिकवतो. तोच विवेक, अर्थात फार छोट्या मापात, गिटारवर चाचपडणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला लागतो. मूळ ध्वनिमुद्रण लावायचे, दोन प्रती समोर ठेवायच्या, चौथ्या आकड्याशी थांबायचे, पुन्हा ऐकायचे, पेन्सिलीने आकडा खोडायचा आणि तारही बदलायची. हे करताना आम्ही त्याला पाहिले आहे. त्याला पाच रेघा येत नव्हत्या. त्याने खोडलेला आकडा मात्र चुकीचाच होता.