नारळ उभा राहिला म्हणून

काकांच्या शेतात तीन बोअर आहेत. पाणी एकाला आहे. उरलेल्या दोन पाइपांवर दगड ठेवलेत आणि सोसायटीचं कर्ज मात्र तिन्हींचं चालू आहे. तिन्ही जागा एकाच पाणाड्याने दाखवल्या होत्या. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो रानातून चालतो, नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची फुली.

मी शंका काढली तेव्हा काका म्हणाले, "पोरा, तू पुस्तकं वाचलीस. माझा अनुभव आहे."

घोळ इथेच आहे. एम्पिरिकल एव्हिडन्सला आपण मराठीत 'अनुभवजन्य पुरावा' म्हणतो. मग काकांना वाटणारच की पुरावा त्यांच्याकडे आहे. डोळ्यांसमोर पाणी उडालं, आणखी काय हवं?

हवं ते एवढंच: पाणाड्याने 'इथे नाही' म्हटलेल्या जागीही कुणीतरी बोअर मारायला हवा होता. तो कुणीच मारत नाही. म्हणजे फुलीवर लागलेलं पाणी नारळामुळे सापडलं की तिथे कुठेही लागलंच असतं, हे सांगायला आपल्याकडे काहीच नाही. आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये. ओढ्याकाठच्या सखल रानात अंदाजाने मारलेल्या बोअरलाही पाणी लागू शकतं, आणि लागलेल्या बोअरपासून तीस फुटांवरचा कोरडा जाऊ शकतो. अशा जमिनीत नशिबालाही बऱ्यापैकी मार्क पडतात. नारळाला त्याच्यापेक्षा जास्त पडतात का, हा प्रश्न आहे.

गेल्या दिवाळीत मी गावात विचारत फिरलो. लागलेले बोअर लोकांनी चहा पाजून सांगितले. फेल गेलेले कुणी सांगितले नाहीत, ते मला शिवारात फिरून झाकणांवरून शोधावे लागले. आणि प्रत्येक झाकणाला कारण तयार होतं. गाडीवाल्याने मशीन दोन फूट सरकवली. अजून पन्नास फूट जायला हवं होतं. बाईमाणूस आडवं गेलं (हेही ऐकलं, काय बोलणार). जो दावा कधी नापासच होऊ शकत नाही, त्याचा पास झाल्याचा दाखला मी का मानावा?

'तुम्ही शहरातले लोक शेतकऱ्याला हसता,' हे येणारच. म्हणून जर्मनीत जाऊ. 1987-88 मध्ये म्युनिकजवळ एका मोठ्या कोठारात प्रयोग झाला. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवून ठेवायचा, वरच्या मजल्यावरून पाणाड्याने जागा सांगायची. सुमारे 500 जणांतून निवडलेले 43 जण, 843 चाचण्या. बहुतेकांना जमलं नाही. पण संशोधक म्हणाले, मोजक्या काही जणांत खरंच काहीतरी आहे. 1999 मध्ये जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. एका फेरीत चमकलेला माणूस पुढच्या फेरीत तशी कामगिरी करत नव्हता, आणि डोळे मिटून दरवेळी मधोमध बोट ठेवणाराही जवळपास तितकाच बरोबर आला असता. गर्दीतून आधी चमकलेले निवडायचे आणि मग 'बघा, हे चमकतात' म्हणायचं, एवढाच तो चमत्कार.

हे वाचून मला काकांची नाही, माझ्या ऑफिसची आठवण झाली. आम्ही ए/बी टेस्ट लावतो. अर्ध्या युजर्सना जुनं बटण, अर्ध्यांना नवं. दोन आठवडे चालवायचं ठरलेलं असतं. तिसऱ्या दिवशी डॅशबोर्ड हिरवा दिसला की टेस्ट बंद, अभिनंदनाचे मेल. लाल दिसला तर? 'फक्त अँड्रॉइडवर बघा. फक्त पुण्यातले बघा.' कुठेतरी हिरवं सापडतंच. मी स्वतः असा चार्ट बनवून दिलाय आणि त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये तो मिरवलाही आहे. आमच्या मीटिंगमध्ये याला डेटा-ड्रिव्हन म्हणतात. माझ्या मते आमच्या हातात नारळच असतो, फक्त एसीत.

उलट काकांचा गुन्हा कमी आहे. उभी बाग जळत होती, भूजलवाल्यांकडे अर्ज करून वाट पाहायला वेळ नव्हता, आणि पाणाड्या त्याच संध्याकाळी आला. अंदाज करावाच लागतो, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती अंदाजाला पुरावा म्हणण्याला, कारण त्या नावावरच दुसरा बोअर मारला गेला आणि मग तिसरा.

मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. चौथा मारायचाय.

"या खेपेला दुसरा माणूस आणतोय. त्याचा आजवर एकही फेल नाही."

"मोजलं कुणी, काका?"

"अरे, तोच सांगत होता की."