चितकबऱ्या पानांचा पुळका

माझे स्पष्ट मत आहे की, जळगावात ज्याला सावलीतली बाग करायची असेल त्याने आधी सावली दाखवावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे निघाला की इथे सावलीच सावली शोधत फिरते.

तरीही आमच्या कॉलनीत सध्या होस्टाचे वारे आहे. इवलेसे, पांढऱ्या काठाच्या पानांचे झाड. कोणाचा तरी मुलगा अमेरिकेतून फोटो पाठवतो आणि इकडे साऱ्या गल्लीला डोहाळे लागतात! हे झाड मूळचे जपान, कोरिया, चीनकडचे. हिवाळ्यात त्याची पाने गळतात आणि कडाक्याच्या थंडीत ते काही आठवडे झोपते. ती झोप झाली नाही तर पुढे नीट उठत नाही. आता, आमच्याकडे थंडी पडत नाही असे नाही. शेतावर भरीत-पार्टी करण्यापुरती पडते. पण तेवढ्यात होस्टाची झोप होईल असे मानणे म्हणजे जेवणाच्या सुट्टीतल्या डुलकीला हक्काची रजा समजणे!

बरे, तो पांढरा काठ तरी काय? त्यात हरितद्रव्य नसते. म्हणजे कमाई शून्य. हिरवा भाग राबतो, पांढरा बसून खातो. बँकेत एकवीस वर्षे काढलेल्या माणसाला ही व्यवस्था नवी नाही. पण ती बघायला पदरचे पैसे मोजून कुंडी कशाला आणायची? शिवाय अशा झाडाला कधी कधी संपूर्ण हिरवा फुटवा येतो. तो जोमाने वाढतो, म्हणून जाणकार म्हणतात, आधी तो काढून टाका. कामाचा माणूस दिसला की त्याची बदली!

आणि होस्टाला माती सतत ओली लागते. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभ्या राहून मग कामाला येतात. त्यांच्यादेखत त्या पांढऱ्या काठावर झारी ओतायला माझा हात धजत नाही. कुणाचा धजत असेल तर त्याने निदान त्या वेळी मावशींकडे बघू नये.

पट्टेच हवेत ना? मग पिवळ्या काठाची ‘सासूची जीभ’ लावा. आठवडाभर पाणी नाही मिळाले तरी ती कोमेजत नाही. नावाला साजेसेच आहे.

धुळ्याच्या आमच्या साडूंना हे पटत नाही. होस्टासाठी ते मला तिथल्या एका रोपवाल्याकडे घेऊन गेले. त्याने फोटो पाहिला आणि म्हणाला, “दादा, आठे जगाव नही हाई.”

साडू रुसले. मी मात्र त्याच्या नळाखालच्या अळूचे दोन कंद मागून घेतले. तांदूळ-भाजी धुतलेल्या पाण्यावर ते आता न्हाणीमागे वाढताहेत. श्रावणात वड्या खायला साडूंनाच बोलावणार आहे.